अर्धं शटर

जर्मनीत रविवारी दूध मिळत नाही. म्हणजे मिळतं, पण त्यासाठी म्युनिकचं मोठं रेल्वे स्टेशन गाठावं लागतं, नाहीतर पेट्रोल पंप. तिथला भाव बघितला की कोरा चहा आवडायला लागतो. सुपरमार्केट शनिवारी रात्री आठला बंद होतं ते थेट सोमवारी सकाळी उघडतं. ईस्टरला तर शुक्रवार बंद, शनिवार चालू, रविवार-सोमवार परत बंद. त्या मधल्या शनिवारी आमच्या गल्लीतल्या दुकानात दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत असते तशी गर्दी असते, फक्त आवाज नसतो.

पुण्याहून आलेल्या माणसाला हे एवढं परकं वाटायचं कारण नाही. दुपारी एक ते चार बंद असणाऱ्या दुकानांवर आपण पिढ्यानपिढ्या विनोद केलेत. पण तो दुकानदाराचा बाणा होता. इथला रविवार घटनेत आहे. गंमत नाही, खरंच घटनेत. 1919 च्या वायमार घटनेत रविवारच्या विश्रांतीला संरक्षण देणारं एक कलम होतं, ते 1949 च्या घटनेने तसंच्या तसं आत घेतलं. पुढे बर्लिनने ख्रिसमसच्या आधीचे चारही रविवार दुकानं उघडायची मुभा दिली, तेव्हा प्रकरण घटना न्यायालयात गेलं. 2009 मध्ये न्यायालयाने सांगितलं की दुकानदाराला गल्ला भरायचाय आणि गिऱ्हाइकाला खरेदीची इच्छा झालीय, एवढी कारणं रविवार मोडायला पुरत नाहीत.

गिऱ्हाइकाची इच्छा पुरत नाही! हे वाक्य पचायला मला वर्ष लागलं. आपण वाढलोच मुळी उलट्या वाक्यावर.

बाकीची सवय पटकन झाली. मसूर डाळ कुठल्याही दुकानात मिळते, कोथिंबिरीची जुडी तुर्की दुकानात, कढीपत्ता मात्र भारतीय दुकानात ज्या दिवशी येईल त्या दिवशी. क्वार्क नावाचा एक प्रकार चक्क्याच्या इतका जवळचा आहे की गुढीपाडव्याला श्रीखंड जमतं. बिलिंगच्या काउंटरवर खुर्चीत बसलेल्या बाई (हो, इथे त्या बसतात, उभं राहावं लागत नाही) इतक्या वेगाने वस्तू सरकवतात की पिशवी भरताना घाम फुटतो. शनिवारी यादी करून जायचं, दोन दिवसांचं आणायचं. बस.

सवय झाली नाही ती दुसऱ्याच गोष्टीची. आई-बाबा आता पुण्यात असतात, आणि त्यांचा किराणा मी इथून फोनवर मागवतो. रविवारी सकाळी माझ्या घरात दूध नसतं आणि हडपसरला दहा मिनिटांत कोथिंबीर पोचते. मागच्या पावसाळ्यात अशीच ऑर्डर पोचल्यावर आईचा फोन आला, "आलं रे सामान. पोरगं पार भिजलं होतं. चहा घे म्हटलं तर थांबेना." सर्व्हरवर काम करणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं की लोड नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या मशिनवर जातो. माझ्या स्क्रीनवर त्या मुलाचं नाव आणि एक सरकणारा ठिपका होता.

आणि हे मला नवीन नाही. आमचं तालुक्याच्या गावात किराणा दुकान होतं. आठवड्यातून एक दिवस बाजारपेठ बंद, तशी आमचीही पाटी होती. पण त्या दिवशी बाबा शटर अर्धं खाली ओढून आत बसायचे. लोक वाकून यायचे. कुणाला पावशेर साखर, कुणाला उदबत्ती, कुणाला फक्त सुट्टे. जेवताना मागच्या दाराची कडी वाजली की आई काही न बोलता बाबांच्या ताटावर झाकण ठेवायची. उधारीची वही, गिऱ्हाइकाच्या घरातल्या आजाऱ्याची चौकशी, हे सगळं त्यातच होतं. ॲपमध्ये ते नाही म्हणून हळहळणारे लेख मी वाचलेत. ते लिहिणाऱ्यांच्या ताटावर झाकण पडलं नसावं. माझ्या एकाही गॅदरिंगला बाबा आले नाहीत.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ते दोघं इथे आले होते. रविवारी फिरायला निघालो तर बाबा बंद सुपरमार्केटच्या काचेला कपाळ टेकवून उभे. आत फ्रीजचे दिवे चालू, भाजीचे क्रेट रिकामे.

"मालकाला परवडतं?"

"सगळेच बंद असतात ना बाबा. गिऱ्हाईक जाणार कुठे?"

"हां. सगळेच." मग जरा वेळाने, "आमच्यात एकाने बंद ठेवलं की शेजारचा उघडायचा."

मी त्यांना बव्हेरियाच्या 2025 च्या नव्या कायद्याबद्दल सांगितलं. छोटं दुकान, 150 चौरस मीटरपर्यंतचं, रविवारीही उघडं ठेवता येतं. अट एकच, आत एकही कर्मचारी नको. गिऱ्हाइकाने यावं, स्वतः स्कॅन करावं, पैसे भरून जावं. बाबांनी ते दोनदा समजावून घेतलं.

"म्हणजे दुकानाला सुट्टी नाही. माणसाला आहे."

नदीकाठी बाकावर बसलो. आसपास लोक गवतात पडले होते, पोरं पाण्यात. बाबांची बोटं मांडीवर हलत होती, बिल जोडताना हलायची तशी.

"एकतीस वर्षं," ते म्हणाले. "वर्षाचे बावन्न. सोळाशे बारा."

आईने त्यांच्याकडे बघितलं आणि पिशवीतून डबा काढला. बाबांनी विचारलं, इथे किती वेळ बसायचं असतं? मी म्हटलं, ठरलेलं नसतं. त्यांनी चपला काढल्या. पाच मिनिटांनी पुन्हा घातल्या.

सोमवारी मला जाग आली तेव्हा ते घरात नव्हते. सातला पाच कमी होते. खाली आलो तर सुपरमार्केटसमोर हात मागे बांधून उभे. शटर नव्हतंच, काचेचं दार आपोआप बाजूला सरकलं. आतून आलेली मुलगी केस बांधत होती. बाबांनी तिला नमस्कार केला.