बाबांचे ‘ओके’

गेल्या वर्षी पावसाळ्यात मी बाबांना संधिवाताच्या तज्ज्ञांकडे घेऊन गेले होते. बाबांचे वय ८२. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटे मिटत नसत. सदऱ्याची गुंडी लावणेही त्यांना अवघड होऊन बसले होते. डॉक्टरांनी नीट तपासले आणि दोन गोळ्या लिहून दिल्या. ‘आजोबा, ही गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी. दुसरी बाकीचे सहा दिवस. लक्षात आलं ना?’

बाबा म्हणाले, ‘ओके.’ मीही मान डोलावली. बाहेर रुग्णांची रांग होती. आम्ही उठलो.

पहिली गोळी मेथोट्रेक्सेटची होती, दुसरी फोलिक ॲसिडची. दोन्ही लहान, दोन्ही पिवळट. आपली औषधे आपण घ्यावीत, हा बाबांचा बाणा. त्यामुळे मीही फारसे लक्ष घातले नाही. नवव्या दिवशी त्यांच्या तोंडात फोड आले, घास गिळवेना आणि रात्री ताप भरला. रुग्णालयात रक्त तपासले, तेव्हा पांढऱ्या पेशी फार घटल्या होत्या. तेथील डॉक्टरांनी औषधांची पाकिटे मागवून घेतली आणि सारा उलगडा झाला. आठवड्याची गोळी बाबा रोज घेत होते आणि रोजची गोळी फक्त रविवारी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घेतले तर संधिवाताला आवर घालते. तेच रोज घेतले गेले तर अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती मंदावते आणि प्रसंगी जिवावर बेतते. औषध तत्काळ थांबवून त्याचा परिणाम उतरवणारी इंजेक्शने दिली गेली. बाबा वाचले, परंतु ते दिवस मी विसरू शकत नाही.

चूक कोणाची, हा प्रश्न मी स्वतःला पुनःपुन्हा विचारला. डॉक्टरांनी सांगितले होते. बाबांनी ऐकले होते. मी साक्षीला होते. आम्हा तिघांचेही ‘ओके’ होते! रुग्णालयातल्या त्या जागरणांत हा दोन अक्षरी शब्द माझ्या मनातून जाईना, म्हणून मी त्याची कुळकथा शोधू लागले.

हा शब्द २३ मार्च १८३९ रोजी अमेरिकेतील ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्रात छापून आला, आणि तोही गंमत म्हणून. ‘ऑल करेक्ट’, म्हणजे ‘सर्व बरोबर’, हे शब्द मुद्दाम अशुद्ध लिहायचे आणि त्यांची आद्याक्षरे घ्यायची, अशी तेव्हा तेथील पत्रकारांत टूम होती. ‘ए’च्या जागी ‘ओ’ आणि ‘सी’च्या जागी ‘के’ आला. ‘सर्व बरोबर आहे’ असे सांगणाऱ्या शब्दाची दोन्ही अक्षरे जन्मतःच चुकीची, हे वाचून मला त्या स्थितीतही हसू आले. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन निवडणुकीला उभे राहिले. किंडरहूक हे त्यांचे गाव. त्यावरून पडलेल्या ‘ओल्ड किंडरहूक’ या टोपणनावाचीही आद्याक्षरे तीच. समर्थकांनी तोच नारा केला. ब्युरेन हरले, शब्द मात्र जिंकला. पुढे त्याच्या जन्माच्या नाना कथा निघाल्या. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन तर तो चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांच्या भाषेतला मानून ‘ओकेह’ असा लिहीत. अखेर १९६०च्या दशकात ॲलन वॉकर रीड या भाषाअभ्यासकाने जुनी वृत्तपत्रे चाळून खरी हकिकत उजेडात आणली.

आज या शब्दाचे किती अर्थ! होकार, परवानगी, ‘बरे आहे, पण खास नाही’ असा शेरा, नाइलाजाची संमती. तरुण मुले मोबाइलवर नुसते ‘के’ लिहितात. त्यात कधी घाई असते, कधी राग. अमेरिकेत १९४६ ते १९६४ या काळात जन्मलेल्या पिढीला ‘बूमर’ म्हणतात. त्यांनी उपदेश सुरू केला की नातवंडे ‘ओके बूमर’ म्हणून मोकळी होतात. म्हणजे, तुमचे चालू द्या, आम्ही ऐकत नाही. आपल्याकडे २०२२ साली सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे गुवाहाटीहून झालेले फोनवरचे बोलणे गाजले आणि ठसकेदार ‘ओक्के’ घरोघरी पोहोचले. एकाच शब्दात होकार आणि धुडकावणी दोन्ही मावत असतील, तर त्यावर औषधाची मात्रा सोपवायची कशी?

याचे उत्तर मला बाबांकडूनच मिळाले. बाबा तारखात्यात होते; कट्ट-कडकट्टच्या आवाजात त्यांची उमेद गेली. घरी आल्यावर एके संध्याकाळी मी विचारले, ‘बाबा, त्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना ओके म्हणालात, ते कळलं म्हणून?’

बाबा म्हणाले, ‘अगं, त्यांचं निम्मं बोलणं मला ऐकूच आलं नव्हतं. पुन्हा विचारायला संकोच वाटला. आमच्या खात्यात ओके म्हणजे तार मिळाली, एवढंच. मजकूर समजण्याशी त्याचा संबंध नाही.’

‘आणि तारेत आकडे असले तर?’

‘आकडे उलट पाठवून पडताळून घ्यायचे. पाचशेचे पाच हजार झाले तर केवढा अनर्थ!’ एवढे बोलून ते गप्प झाले. मग आपल्या हातांकडे पाहत हळूच म्हणाले, ‘तिथंही आकडेच होते, नाही?’

वाचकहो, तारमास्तरांची ही रीत आरोग्यसेवेत ‘टीच-बॅक’ या नावाने ओळखली जाते. ‘कळलं का?’ असे विचारले की वृद्ध माणूस बहुधा ‘हो’च म्हणतो. ऐकू कमी येते, डॉक्टरांची भीड असते, आपण अडाणी ठरू अशी धास्ती असते. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, ते मला सांगा बरं’ असे विचारावे. ही रुग्णाची परीक्षा नसून सांगणाऱ्याने नीट सांगितले की नाही, याची पडताळणी असते. सोबत जाणाऱ्यानेही आपल्याला काय समजले, ते डॉक्टरांसमोर बोलून दाखवावे. आठवड्याची गोळी रोजच्या गोळ्यांत ठेवू नये. तिच्या पाकिटावर वाराचे नाव ठळक अक्षरांत लिहावे. ज्येष्ठांनीही ‘पुन्हा सांगा’ म्हणायला लाजू नये.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी नवे औषध समजावून सांगितले. बाबांच्या ओठांवर ‘ओके’ आले होते. ते त्यांनी आवरले. म्हणाले, ‘डॉक्टर, आकडे परत पाठवतो, तपासून घ्या,’ आणि बोटांवर मोजत सारे सांगू लागले. संध्याकाळच्या गोळीत त्यांची गफलत झाली होती. डॉक्टरांनी ती तेथेच दुरुस्त केली.