पत्र्यावरचा डोंगर

आपल्यापैकी कुणाकडेही जेवायला जा, दिवाणखान्याच्या मोठ्या भिंतीवर काय असेल याचा अंदाज दारातच बांधता येतो. वारलीची फ्रेम, तंजावरचा गणपती, शिवाजी महाराज, नाहीतर मुलांचे पदवीच्या झग्यातले फोटो. हल्ली त्यात मेटल प्रिंटची भर पडली आहे. नावाजलेल्या फोटोग्राफरांचे जुने कृष्णधवल फोटो अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर छापून घ्यायचे आणि काच-चौकटीशिवाय टांगायचे. आम्हीही तसंच करायचं ठरवलं, तेव्हा सांगलीहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "पत्र्यावर? म्हणजे दुकानाच्या पाटीसारखं?"

पाटीच म्हणा, पण रंग वरून फासलेला नसतो. चित्र आधी एका खास कागदावर उलटं छापतात. तो कागद लेप दिलेल्या पत्र्यावर ठेवून दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवून दाबतात. शाईची थेट वाफ होऊन ती लेपात शिरते. कापूर न वितळता उडून जातो ना, तसंच. त्यामुळे वर काच लागत नाही. मागे छोटा ठोकळा लावला की पत्रा भिंतीपासून बोटभर पुढे तरंगल्यासारखा दिसतो. लेपाची निवड मात्र विचारपूर्वक करावी. एका प्रकारात खाली पांढरा थर असतो. दुसऱ्यात तो नसतो, आणि फोटोत जिथे पांढरं तिथे उघडा धातू चमकतो. बर्फ, ढग, पाणी यांना तो चंदेरी प्रकार शोभतो. माणसांच्या चेहऱ्यांना अजिबात नाही, गालावर पत्रा चमकलेला बघवत नाही. आणि समोर खिडकी असेल तर चकचकीत नको, मॅट घ्या. नाहीतर चित्राऐवजी आपलाच सोफा दिसतो.

नवऱ्याला अॅन्सेल अॅडम्सचे डोंगर हवे होते. शोधताना कळलं, की 1965 मध्ये अॅडम्सने आपल्या फोटोंचा एक मोठा संच लायब्ररी ऑफ काँग्रेसला भेट द्यायला सुरुवात केली. त्यावर कुठलेही ज्ञात निर्बंध नाहीत असं ग्रंथालय सांगतं. फोटो उतरवून घ्या आणि छापा. 242 निगेटिव्ह, 209 प्रिंट. निगेटिव्ह आणि प्रिंट शेजारी शेजारी ठेवून पाहिले की अॅडम्सने कडा कुठे कापल्या तेही दिसतं. फक्त हे फोटो योसेमिटीचे नव्हेत, मान्झानारचे. लेकीने शाळेत ते नाव ऐकलं होतं. तिचं म्हणणं, "आधी तिथे जाऊन येऊ, मग ठरवू."

लॉस एंजेलिसहून 395 नंबरच्या रस्त्याने सुमारे 230 मैल. मोहावेचं वाळवंट मागे पडलं की डाव्या हाताला सिएरा नेव्हाडाची भिंत उभी राहते. लोन पाइन ओलांडल्यावर थोड्याच वेळात मान्झानार येतं. स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थ सफरचंदाची बाग. जुन्या बागांची काही झाडं अजून आहेत. 19 फेब्रुवारी 1942 रोजी रूझवेल्टनी 9066 क्रमांकाचा आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांना घरदार सोडून छावण्यांमध्ये जावं लागलं. त्यांतले दोनतृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. अशा 10 छावण्या होत्या. एकट्या मान्झानारमध्ये एका वेळी 10,000 माणसं, भोवती काटेरी तार आणि 8 टेहळणी मनोरे.

बराकी पुढे पाडल्या गेल्या, आता दोन-तीन पुन्हा उभारल्या आहेत. 20 बाय 25 फुटांच्या एका खोलीत आठ जण. मी गिरगावच्या चाळीत वाढले, एका खोलीत आठ माणसं मला नवी नाहीत. पण आमच्या चाळीला बंदुकीचा पहारा नव्हता. तिथला वारा भयंकर आहे, आम्ही गाडीतून उतरलो आणि दातांत वाळू आली. लाकडी फळ्यांच्या गाठी गळून भोकं पडत, त्यांतून धूळ आत येई. लोक त्या भोकांवर डब्यांची झाकणं ठोकून बसवत. पत्र्याचा हा उपयोग पाहून आम्ही तिघंही थोडा वेळ गप्प झालो.

अॅडम्स 1943 मध्ये तिथे आला. मनोरे, तार आणि पहारेकरी यांचे फोटो काढायला त्याला मनाई होती. त्याने शाळा, शेतं, हसरे चेहरे टिपले. फारच हसरे, असा आक्षेप त्याच्यावर घेतला जातो आणि मला तो पटतो. त्याच्या आधी 1942 मध्ये येऊन गेलेल्या डोरोथिआ लँगचे फोटो जास्त बोचरे होते. लष्कराने ते दडपून ठेवले. छावणीतलाच एक फोटोग्राफर, तोयो मियाताके, भिंग लपवून आत घेऊन आला होता. त्याने तिथेच लाकडाचा कॅमेरा तयार केला. अॅडम्सच्या संचात त्याच्या कुटुंबाचाही फोटो आहे.

1988 मध्ये अमेरिकेने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी 20,000 डॉलर दिले. परतीच्या वाटेवर नवरा म्हणाला, "बघ, माफी तरी मागतात." मग मला देवलीबद्दल सांगावं लागलं. 1962 च्या युद्धानंतर आपणही चिनी वंशाच्या सुमारे 3,000 लोकांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं होतं, काहींना तर अनेक वर्षं. लेकीला हे माझ्याकडून कळावं असं वाटलं.

घरी आल्यावर निवडीवरून वाद झाला. नवऱ्याचं मत, दिवाणखान्यात निव्वळ डोंगर असावा, पाहुण्यांवर इतिहास लादू नये. लेकीचं म्हणणं, तिथून काढलेल्या फोटोत छावणीच दिसली नाही तर ते खोटं ठरेल. शेवटी संचातला शेताचा फोटो ठरला. मागे चौदा हजार फुटांहून उंच माउंट विल्यमसन, पुढे शेतात काम करणारी माणसं, दुरून ठिपक्यांएवढी. चंदेरी पत्र्यावर ती हरवतील म्हणून पांढऱ्या थराचा मॅट प्रकार घेतला. बर्फाची चमक थोडी गेली, ती जाऊ दिली.

दुसरा छोटा प्रिंट मी माझ्या हट्टाने करून घेतला. त्यात एका बराकीतला फोनोग्राफ आहे. त्यावर गणवेशातल्या तरुणाची तसबीर, त्याची पत्रं आणि येशूचं चित्र नीट मांडलेलं आहे. आपलं देवघर आणि घरच्यांचे फोटो एकाच फळीवर असतात तसं. तो सासूबाईंच्या खोलीबाहेर लावला आहे. यंदा दिवाळीच्या साफसफाईत त्यांनीच दोन्ही पत्रे ओल्या फडक्याने पुसले. पाटीचा फायदा आहे म्हणाल्या. मोठ्या फोटोपुढे थांबून त्यांनी विचारलं, "काय लावलंय गं शेतात?"

गेल्या रविवारी आलेल्या पाहुण्यांना वाटलं योसेमिटी. लेक त्यांना भिंतीजवळ घेऊन गेली आणि एकेक ठिपका दाखवू लागली. पुऱ्या गार झाल्या.