हात आणि खुर्ची

मोतीबिंदूच्या वॉर्डातली शस्त्रक्रियेनंतरची सकाळ मला दवाखान्यातली सर्वांत सुंदर वेळ वाटते. ओळीनं बसलेली म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या एका डोळ्यावर पांढरी पट्टी. डॉक्टर येतात, पट्टी सोडतात, बोटं धरून विचारतात, "आजी, किती?" आजी बोटं मोजत नाही. ती आधी डॉक्टरांचं तोंड बघून घेते. इतकं लवकर आणि इतकं उघड फळ वैद्यकीच्या आणखी कोणत्या शाखेला मिळत असेल?

डॉ. तात्याराव लहान्यांनी ही सकाळ आयुष्यभर पाहिली. लातूर जिल्ह्यातलं माकेगाव, औरंगाबादचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईची नोकरी, मग मुंबईचं जे.जे. रुग्णालय. किडन्या निकामी झाल्या तेव्हा १९९५ साली आई अंजनाबाईंनी आपली एक दिली. त्यानंतर शस्त्रक्रियांचा आकडा लाखाच्या पुढे गेला, आनंदवनात शिबिरं झाली, २००८ साली पद्मश्री आली.

लाख हा आकडा माझ्या मनातून जात नाही. डोळ्याला जेमतेम तीन मिलिमीटरची चीर द्यायची, गढूळलेलं भिंग ध्वनिलहरींनी फोडून शोषून घ्यायचं, त्या जागी घडी घातलेलं नवं भिंग सोडायचं. मागे उरतो तो पडदा मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका पातळ. तो फाटला की सगळंच अवघड होतं. सरावानं हात तयार होतो. लाखाव्या आजीचा पडदा मात्र पहिल्या आजीइतकाच नाजूक असतो.

असा हात पुढे जे.जे.शी जोडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अधिष्ठात्याच्या खुर्चीवर बसला. १८४५ साली सुरू झालेलं हे कॉलेज; भाऊ दाजी लाड इथल्या पहिल्या तुकडीतले. पुढे लहाने राज्याच्या वैद्यकीय शिक्षणाचे संचालकही झाले. खुर्चीत फाइली असतात, खाटा अपुऱ्या असतात, मंत्रालयाच्या खेपा असतात. आणि खुर्चीचं फळ दुसऱ्या सकाळी दिसत नाही. आज प्रवेश घेतलेली मुलगी दहा-बारा वर्षांनी कुठल्याशा तालुक्यात एकटी शस्त्रक्रिया करील, तेव्हा ते कळेल.

ती शिकणार कशी, हा खरा प्रश्न. निष्णात हातानं स्वस्थ बसून नवख्या हाताला त्या पडद्याजवळ जाऊ द्यायचं, याहून कठीण काम शिक्षकाला नाही. समोरच्या रुग्णाला उत्तम हात हवा. उद्याच्या हजारो रुग्णांना या मुलीचा हात हवा. २०२३ साली जे.जे.च्या नेत्रविभागातल्या निवासी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पुरेशा करायला मिळत नाहीत, अशी तक्रार करत संप केला. लहान्यांनी आरोप फेटाळले आणि सहकाऱ्यांसह राजीनामा दिला. त्या वादाचा निवाडा मी करू शकत नाही. पण शिकायला मिळावं ही मागणी रास्त आहे, आणि लाखभर डोळ्यांना मिळालेला उजेडही खरा आहे. दोन्हींबद्दल मला आदर वाटतो.

तुमच्या घरी कुणाचा मोतीबिंदू "पिकायची" वाट पाहत असाल, तर थांबू नका. आता पिकू द्यावा लागत नाही. उलट फार पिकला की काढणं अवघड जातं. जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा. तिथे वरिष्ठांच्या देखरेखीखाली एखादा तरुण डॉक्टर पुढे आला, तर त्याच्यावर विश्वास ठेवा.