हातगाडीचा आस आणि यत्ना



चातुर्मास जवळ आला की आपण धान्य निवडतो, डबे उन्हात घालतो, पाणी गाळायचे नवे कापड काढतो. यंदा आमच्या यादीत आणखी एक काम होते: परसबागेतल्या हातगाडीची गंजलेली चाके आणि आस बदलणे.

गाडी पंधरा वर्षांची. कुंड्या, शेणखत, पालापाचोळा सगळे तिच्यावरच जाते. ‘भंगारात देऊन नवीन आणू’ असे घरात ठरत आले होते. पण सांगाडा आणि पत्रा चांगला होता. चार चाकांसाठी आख्खी गाडी टाकणे परिग्रह-परिमाण पाळणाऱ्या घराला शोभत नाही, असे सासूबाईंचे म्हणणे पडले आणि तेच ठरले.

मला मात्र दुसरीच काळजी होती. फिरणारे चाक जमिनीवर टेकत पुढे जाते. अडकलेले चाक माती खरवडत जाते, आणि ओल्या मातीत गांडुळे, मुंग्या, किती जीव असतात! शिवाय गाडी ओढणारे आमचे माळीकाका साठीच्या पुढचे. मुंगीला जपताना त्यांच्या कमरेचा विचार करायला नको का? तोही जीवच.

काम पावसाआधी केले, कारण नंतर जीवोत्पत्ती वाढते. गाडी उलटी करण्यापूर्वी मऊ कुंचल्याने सगळीकडून हळूच झाडून घेतली. गंजाच्या पापुद्र्याखाली आणि पोकळ नळ्यांच्या तोंडाशी कोळी, मुंग्या बसलेल्या असतात. वस्तू पाहून-पुसून उचलावी आणि ठेवावी, ही आदान-निक्षेपण समिती मुनिराजांची. पण गृहिणीलाही तिचा सराव करता येतो. जागा मोकळी झाल्यावरच सांध्यांत तेल सोडले आणि रात्रभर ठेवले.

सकाळी एक आस पिना काढून हातोडीने निघाला. दुसरा हलेना, म्हणून गाडी वेल्डिंगच्या दुकानात नेऊन कापून घेतला. घरी पालापाचोळ्यावर ग्राइंडरच्या ठिणग्या नकोत.

मापाचे एक लक्षात ठेवा. गंजाने लोखंड फुगते, म्हणून आसाची जाडी स्वच्छ भागावर मोजावी. आमचा सोळा मिलिमीटरचा निघाला. नव्या चाकाचे भोक त्याच मापाचे हवे. सैल असेल तर चाक डगमगते आणि लवकर झिजते. लांबी ठरवताना दोन्ही बाजूंचे वॉशर आणि पिनेचे भोक धरायला विसरू नका. मधल्या भागाला रेड ऑक्साइड लावला, टोकांना वंगण.

वंगणात चरबी असते का, हा प्रश्न तुमच्याही मनात येईल. काही प्रकारच्या ग्रीसमध्ये प्राण्यांची चरबी वापरतात. लिथियम ग्रीस बहुधा एरंडेलापासून काढलेल्या आम्लाचे बनते. तरी दुकानदाराला विचारूनच घ्यावे. पूर्वी बैलगाडीच्या आसालाही एरंडेलच घालत.

घरकामातली हिंसा पूर्ण टळत नाही. आपले शास्त्रही तिला आरंभी हिंसा म्हणून वेगळी मोजते. पण उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसा सांगताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, पुढे ठेवले आहे. म्हणून न अडखळणारे चाक हीसुद्धा मला धर्माचीच गोष्ट वाटते.

आता माळीकाका भरलेली गाडी एका हाताने नेतात. खत उतरवले की पत्रा झाडायचा आणि गाडी छपराखाली ठेवायची, एवढा नियम केला आहे. ओले खत लोखंडाला फार लवकर खाते. तुमच्या अंगणातल्या गाडीची चाकेही आषाढ लागण्यापूर्वी एकदा हाताने फिरवून पाहा.