आधी पाहा, मग बोला

रेसिडेंट छातीचा एक्स-रे लावतो आणि लगेच निदान सांगू लागतो. मी त्याला थांबवते. आधी नाव, तारीख, डावी-उजवी बाजू; मग श्वासनलिका, हृदय, फुफ्फुसं, बरगड्या. एक दोष सापडला की नजर सैलावते आणि दुसरा निसटतो. म्हणून फुफ्फुसांची टोकं, हृदयामागचा आणि डायफ्रामखालचा भाग शेवटी पुन्हा पाहायचा. क्षयाचा डाग अनेकदा वर, कॉलरबोनच्या आड दडलेला असतो. हृदयाची उजवी कड पुसली गेली असेल, तर शेजारच्या, उजव्या फुफ्फुसाच्या मधल्या खंडात न्यूमोनिया शोधायचा. रेडिओलॉजिस्ट फेल्सन यांनी १९५० मध्ये मांडलेली ही खूण आजही तितकीच कामाची आहे. पाहण्याचा हा सगळा क्रम अंगवळणी पडलाच पाहिजे. आपल्या अहवालावरच कुणाचे तरी उपचार ठरणार असतात.