मृगसाल आणि आमची पावसाची वही

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस नावाचा चौक आहे. रिक्षावाल्याला हवामान खाते म्हटले तर तो क्षणभर विचारात पडतो. सिमला ऑफिस म्हटले की मीटर टाकतो. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून इथे आले. १९४४ साली ते दिल्लीला गेलेही, पण पुणेकरांनी एकदा ठेवलेले नाव सहसा बदलत नाही. मुख्यालय गेले तरी पावसाच्या नोंदींचा आणि अभ्यासाचा मोठा कारभार पुण्यातच राहिला. पुढे १९६२ साली मोसमी पावसाचा अभ्यास करणारी, आज पाषाणला असलेली संस्था निघाली. अशा शहरात राहून आम्हाला पावसाचे वेड लागले नसते तरच नवल.

कोंढव्याच्या आमच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला आम्ही त्यातले पाणी मोजतो. खात्याची मोजणीची वेळ तीच, म्हणून आमचीही तीच. वहीत दोन तारखा लिहितो, एक इंग्रजी आणि एक हिजरी. २०१४, २०१५ आणि २०१६ या तिन्ही साली रमजानची ईद जुलैत आली होती. त्या वर्षांच्या पानांवर चाँदरातीपुढे एकच शेरा आहे: ढग. चंद्र दिसणार की नाही या प्रश्नात अर्धा भाग शरियतचा असेल, पण अर्धा निखळ हवामानाचा आहे.

आमच्या मजल्यावरच्या हाजीसाहेबांना हा उद्योग पसंत नाही. ते म्हणतात, "मियाँ, पाऊस कधी पाडायचा हे अल्लाह जाणतो. सूरे लुकमानची शेवटची आयत वाचली नाही का? तुम्ही गैबच्या गोष्टीत हात घालता." हाजीसाहेब वयाने वडील, त्यांच्याशी वाद घालणे आम्हाला शोभत नाही. पण मनातल्या मनात आम्ही उत्तर देतोच. हकीम नाडी पाहून ताप वाढेल म्हणतो, तो काही गैब सांगत नाही. समुद्रावर ढगांचे भोवरे तयार झालेले असतात, उपग्रह ते छत्तीस हजार किलोमीटरवरून पाहतो, हवेचा दाब उतरत असतो. जे घडायला लागले आहे ते वाचणे म्हणजे अंदाज. तो चुकतो, कारण तो माणसाचा आहे. उंट बांधण्याची हदीस तर आमच्याइतकीच हाजीसाहेबांनाही पाठ आहे.

आणि हे वाचन आपल्यात नवे थोडेच आहे? इंग्रजीतला मॉन्सून शब्द पोर्तुगीजांनी उचलला तो अरबी 'मौसिम'वरून. मौसिम म्हणजे ठरलेला काळ, गलबते हाकारायचा हंगाम. मराठीत तोच मोसम. पंधराव्या शतकात अहमद इब्न माजिद या अरब दर्यावर्द्याने हिंदी महासागराच्या वाऱ्यांवर ग्रंथ लिहिला. (वास्को-द-गामाला वाट दाखवणारा तोच, ही गोष्ट अजून पुस्तकांतून फिरते, इतिहासकार आता ती मानत नाहीत.) आम्हाला त्याच्यातली एक गोष्ट फार आवडते. पक्का मुसलमान असूनही प्रवासाचे दिवस तो हिजरी महिन्यांनी सांगत नाही. नौरोजपासून दिवस मोजून सांगतो, कारण नौरोज सूर्यावर चालतो आणि वाराही सूर्यावर चालतो. चंद्राच्या हिशेबाने जहाज सोडले असते तर काही वर्षांतच ते भर तुफानात गेले असते.

जे दर्यावर, तेच जमिनीवर. हिजरी साल सूर्याच्या सालापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. तेहतीस पिके येतात तेवढ्यात हिजरी साले चौतीस होतात. हिजरी सालाने सारा मागितला तर कुणब्याला न पिकलेल्या पिकाचा एक सारा भरावा लागणार. दख्खनच्या राज्यकर्त्यांना हे उमगले आणि शुहूर सन आला, ज्याला सुरसन किंवा अरबी सन असेही म्हणतात. चौदाव्या शतकात, १३४४ च्या सुमारास तो सुरू झाला असे मानतात. यात महिने आणि तारखा चंद्राच्या, मोहरम, सफर याच. पण साल बदलायचे ते सूर्य मृग नक्षत्रात शिरला की. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. शहाजहानच्या काळात दख्खनेत आलेली फसलीही मृगापासूनच धरत.

पेशवे दप्तरातले कागद पाहा. इथे पुण्यातच आहेत. चिटणीस ब्राह्मण, धनी ब्राह्मण, मजकूर मराठी, लिपी मोडी, आणि साल लिहिले आहे 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे अकराशे एकसष्ट. हे पानिपतचे साल. ज्या भाषेत आम्ही कुरआन वाचतो त्या भाषेतले आकडे, आणि ते बदलणार कधी, तर मृगाचा पाऊस जवळ आला की. तुमचे कॅलेंडर अरबस्तानातले, इथल्या मातीशी त्याचा काय संबंध, असे आम्हाला एकदा एका सभेत ऐकवण्यात आले होते. तेव्हा आम्ही हा कागद सांगितला. पुढे कोणी काही बोलले नाही. पटले म्हणून की कंटाळले म्हणून, ते कळले नाही. असो.

वेड हे वेडच राहिले असते, पण २०२० च्या जूनमध्ये त्याला वेगळे वळण लागले. आमच्या बेगमचे मामू श्रीवर्धन तालुक्यात असतात. कौलारू घर, मागे नारळ-सुपारीची वाडी. ईद होऊन आठवडाच झाला होता, लॉकडाऊन चालू होता. २ जूनच्या संध्याकाळी खात्याचा नकाशा पाहिला आणि मामूंना फोन लावला.

"मामू, उद्या दुपारपर्यंत तुफान तुमच्याकडेच येतंय. कौलांखाली थांबू नका."

"अरे बाबा, ही तुफानं बंगालात जातात. फयान आलं तेव्हा होड्या गेल्या, घरं कुठं गेली?"

त्यांचे चूक नव्हते. २००९ च्या नोव्हेंबरातल्या फयानचा धसका मच्छीमारांनी घेतला होता, वाडीवाल्यांनी नाही. अरबी समुद्रातली वादळे बहुधा ओमानकडे किंवा गुजरातकडे वळत. आपल्या किनाऱ्याला ती क्वचितच शिवत. पण समुद्र तापत चालला आहे आणि या बाजूलाही वादळे वाढली आहेत, असे पाषाणच्या शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. आम्ही मामूंना यातले काही सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "मामीला घेऊन शेजारच्या स्लॅबच्या घरात जा. तुफान नाही आलं तर मला शिव्या द्या."

३ जूनला दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वारा ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरचा. पुण्यातही त्या दिवशी झाडे कोसळली. मामूंचा फोन चार दिवस लागला नाही. बेगम मुसल्ल्यावरून उठत नव्हती आणि आम्ही तेच ते नकाशे पुन्हा पुन्हा उघडत होतो, जणू त्यात मामू दिसणार होते. पाचव्या दिवशी कोणाच्या तरी मोबाईलवरून आवाज आला. माणसे सलामत, कौले साफ उडालेली, सुपारीची उभी वाडी आडवी.

"बाबांनी लावलेली होती," एवढेच मामू बोलले. सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. मामूंचे वय तेव्हा एकाहत्तर होते.

वादळांची नावे हा आणखी एक किस्सा. आपल्या भागातले तेरा देश ती सुचवतात. निसर्ग हे बांगलादेशाने दिलेले, २०२० च्या नव्या यादीतले पहिले. पाकिस्तानने दिलेली नावे तर आमच्या मोहल्ल्याची हजेरी वाटावी अशी: नर्गिस, लैला, निलोफर, गुलाब. यातल्या नर्गिसने २००८ साली म्यानमारमध्ये लाखाहून अधिक माणसे नेली. २०२१ साली गुलाब आंध्रात विरले, त्याचे उरलेले ढग आपल्यावरून अरबी समुद्रात उतरले आणि कतारने दिलेले शाहीन हे नाव घेऊन ओमानवर आदळले.

तरी वादळाचा माग लागतो. पुण्यातल्या पावसाचा लागेलच असे नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला आभाळ फाटले, आंबील ओढा घरांत शिरला, खेड-शिवापूरच्या दर्ग्यात झोपलेली माणसे वाहून गेली. शहर आणि परिसर मिळून वीसहून अधिक जीव गेले. जोरदार सरी येतील हे सांगता येते. कोणत्या ओढ्याला, किती वाजता पूर येईल, हे सांगायला अजून फार थोडी यंत्रे आहेत. ओढ्यावर घर कोणी बांधू दिले, हा प्रश्न तर हवामान खात्याचा नाहीच.

मामूंनी पुन्हा सुपारी लावली आहे. मधल्या काळात आधाराला केळी घातल्या. दर वर्षी मे संपत आला की त्यांचा फोन येतो. पूर्वी ते आधी बेगमची खुशाली विचारत. आता सलाम झाला की पहिला प्रश्न, "दर्यात काय आहे का?" आम्ही नकाशा उघडतो. काही नसले तर नाही म्हणतो, आणि मग ते बेगमला फोन द्यायला सांगतात.