दुसरा पाय

मराठी शिकवणाऱ्या बाईला एखाद्या शब्दाचा अर्थ यंत्रापाशी जाऊन शिकावा लागेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. पण गेल्या उन्हाळ्यात तसे घडले खरे!

माझी कन्या खो-खो खेळते. त्याच्या आदल्या पावसाळ्यात खांबापाशी वळताना तिच्या डाव्या गुडघ्यातले लिगामेंट तुटले. शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर निदान ९ महिने मैदानावर उतरू नये म्हणतात. तिला दहावा लागला होता. जिना धडाधड चढे, दळण आणी. मी सारखी म्हणे, “आता काय झालंय तुला? सराव सुरू कर की!”

फिजिओथेरपी शिकणारी तिची मैत्रीण आम्हाला प्रयोगशाळेत घेऊन गेली. जमिनीत पाटाएवढे दोन चौकोन बसवलेले. त्यांवर दोन्ही पायांनी उडी घेतली, की कोणत्या पायाने किती भार झेलला याची रेघ संगणकावर उमटे. पुष्कळ खेळाडूंच्या अशा रेघा त्याला आधीच दाखवल्या होत्या. कोणाचा मुख्य पाय कोणता, हे सांगून. अक्षरे गिरवून मूल वाचू लागते, तसा तो नवी रेघ वाचू लागला होता.

“पण मुख्य पाय ठरवता कसा?” मी माझ्या पेशाला जागून विचारले.

“तेच तर भांडण आहे, काकू! चेंडू मारायचा पाय एक, लंगडीत तोल सांभाळणारा बहुधा दुसरा. इथे आम्ही लंगडीचा धरतो.”

कन्या लहानपणापासून लंगडी डाव्या पायावर घालते. पण संगणक प्रत्येक उडीला म्हणे, उजवा!

“चुकलं तुमचं यंत्र,” मी म्हणाले.

“ते रेघ ओळखतं, काकू. कारण सांगत नाही.”

कारण कन्येने सांगितले, जमिनीकडे बघत. “डाव्यावर भार टाकायची भीती वाटते गं. तू इतकं म्हणत होतीस, म्हणून बोलले नाही.”

घरी आल्यावर भिंतीवरल्या माझ्या लग्नाच्या फोटोकडे लक्ष गेले. मी उजव्या पायाने माप ओलांडते आहे आणि सगळ्यांचे डोळे त्या पायावर आहेत. त्या क्षणी माझा सारा भार मात्र डाव्यावर होता. इतक्या वर्षांत तो मलाही दिसला नव्हता.

हल्ली संध्याकाळी कन्या गच्चीवर डाव्या पायावर लंगडी घालते. डॉक्टरांनी ठरवून दिलेली, मोजून दहा पावले. मी शेजारी बसून मोजते. अकरावे घाल, असे म्हणत नाही.